ट्रकमधला ॲम्प्लिफायर रॅक तारेच्या वेटोळ्यांवर: कामाच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२४, नारायणगाव

एका तमाशा फडाचं साउंडचं काम माझ्याकडे आहे. गेल्या हंगामात त्यांचे चार पॉवर ॲम्प मिळून १४ वेळा माझ्या टेबलावर आले. दर वेळी काय बिघडलं ते मी वहीत लिहून ठेवतो. आज ती वही घेऊन बसलो. १४ पैकी ९ बिघाड निव्वळ हादऱ्याचे निघाले. ट्रान्सफॉर्मरचा बोल्ट चॅसीच्या पत्र्यातून फाटून बाहेर, फिल्टर कपॅसिटरचे पाय मुळाशी तुटलेले, रिबन केबल सॉकेटातून सरकलेली. सगळ्यात जास्त त्रास रिलेच्या (ॲम्पमधल्या विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) सोल्डरने दिला. भिंग लावून पाहिलं की पिनेभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसते. पिन नखाने हलवली की ती रेघ उघडते आणि मिटते. दुकानात ॲम्प चार तास व्यवस्थित वाजतो, आणि ट्रकमधून गेला की पहिल्याच गावात मुका होतो.

चैत्रातल्या एका जत्रेत ऐन वगात आवाज गेला होता. तो परत यायला वीस मिनिटं लागली. मालकीणबाई तेव्हा रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "दादा, आवाज गेला की फडाची इज्जत जाते. पोरी घसा फोडून गातात, ते मागच्या माणसापर्यंत पोचायला नको का?" ते अजून डोक्यातून गेलेलं नाही. दसऱ्याला फड बाहेर पडायच्या आत यंदा हे काम संपवायचं.

आजवर रॅकखाली, म्हणजे चारही ॲम्प ज्यात बसवतात त्या कपाटाखाली, काय काय घातलं तेही लिहितो, म्हणजे दुसरा कुणी त्याच वाटेने जाणार नाही. आधी कापसाची जुनी गादी होती. ती महिनाभरात दबून पोळीसारखी झाली. मग ट्रकच्या टायरचे तुकडे घातले. ते इतके कडक की असून नसल्यासारखे. त्यानंतर बाजारात मिळणारे रबरी माउंट, म्हणजे हादरा झेलणारे पाये, आणले. ताडपत्रीखाली एप्रिल-मेच्या उन्हात रबर कडक पडलं आणि दुसऱ्या हंगामात त्याला भेगा गेल्या.

माझा मावसभाऊ मुंबईत गोदीत कामाला होता. युद्धनौकांवरची इलेक्ट्रॉनिक्सची कपाटं पोलादी दोराच्या वेटोळ्यांवर बसवतात, हे मी त्याच्याकडून ऐकलं. वर एक ॲल्युमिनियमची पट्टी, खाली एक, आणि दोन्हींच्या भोकांतून स्प्रिंगसारखा ओवत नेलेला स्टेनलेसचा वायर रोप. दाब आला की वेटोळी चपटी होतात आणि दोरातल्या बारीक तारा एकमेकींवर घासतात. स्प्रिंग नुसती उड्या मारत राहते. इथे त्या घासण्यातच हादरा जिरतो. शिवाय रबराचा कण नाही, त्यामुळे उन्हाची भीती नाही. करून बघायचं ठरलं.

११ ऑगस्ट

खरेदीच्या आधी मोजमाप. मोबाइलवर फायफॉक्स नावाचं फुकट ॲप घेतलं. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठात ते बनलं आहे. फोनच्या आतल्या सेन्सरवरून धक्क्याचा आलेख काढतं आणि कंप सेकंदाला किती वेळा होतोय तेही दाखवतं. फोन ट्रकच्या तळाच्या फळीला डबल टेपने चिकटवला, वरून पट्टी मारली. नुसता ठेवला तर फोनच उड्या मारतो आणि आकडे खोटे येतात. पहिली फेरी त्यातच वाया गेली.

फेरी ठरवून टाकली: नारायणगाव, जुन्नर, ओतूर, आळेफाटा आणि परत. सुमारे ७० किलोमीटर. यात हायवे आहे, गावातले गतिरोधक आहेत, पावसाने उखडलेला डांबरी रस्ताही आहे. ट्रकमध्ये हंगामात असतो त्याच्या अर्धाच माल भरला. अर्धा रिकामा ट्रक भरलेल्यापेक्षा जास्त आपटतो, मग वाईटातलं वाईट तेच मोजावं.

दोन गोष्टी दिसल्या. पाट्यांवरचा, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवरचा, ट्रकचा सावकाश झोका सेकंदाला २ ते ३ वेळा, म्हणजे २-३ हर्ट्झ. त्याने ॲम्पला काही होत नाही. दुसरा कंप ११ ते १२ हर्ट्झला. खराब रस्त्यावर चाक आणि ॲक्सल टायरवर थरथरतं, तो हा. फळीवर तो ०.३ जीच्या आसपास होता (१ जी म्हणजे पृथ्वीच्या ओढीएवढा जोर). गतिरोधकावर आलेख ७८ वर (ॲपचं माप मीटर प्रति सेकंद वर्ग, ७८ म्हणजे ८ जी) जाऊन सपाट झाला. धक्का तिथे थांबला असा त्याचा अर्थ नाही, माझ्या फोनचा सेन्सरच ८ जीच्या पुढे मोजत नाही. म्हणून टोकाच्या धक्क्यासाठी फोनवर भरवसा ठेवायचा नाही, कंपासाठी ठेवायचा.

पैसा न लागता झालेला मोठा फायदा आजचाच. रॅक आजवर ट्रकच्या शेपटीला ठेवायचे, कारण गावात पोचल्यावर तो आधी उतरवायचा असतो. फोन शेपटीला लावला तेव्हा तेच गतिरोधक केबिनच्या बाजूपेक्षा दुपटीहून जास्त आपटत होते. मागच्या चाकाच्याही मागे लोंबणारा भाग तो, तिथे फटका सगळ्यात मोठा. रॅक दोन्ही चाकांच्या मधे, केबिनकडे घ्यायचा असं मी म्हटलं. माल चढवणाऱ्या पोरांना ते पटेना, कारण आता पडदे आणि पेट्या आधी उतरवाव्या लागतील. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी ड्रायव्हरदादांनीच मध्यस्थी केली: रॅक मधे, पण डाव्या फळीला लागून, बाजूची झडप उघडली की सरळ निघेल असा.

१४ ऑगस्ट

वजन केलं. अंदाजाने माउंट घेऊ नका, निम्मे पैसे तिथेच बुडतात. कांदा आडतीवरून दोन वजनकाटे मागून आणले आणि रॅकचा पुढचा भाग एकावर, मागचा दुसऱ्यावर ठेवला. पुढे ७८ किलो, मागे ५६. एकूण १३४. ॲम्पचे ट्रान्सफॉर्मर पुढच्या बाजूला असतात, म्हणून हा फरक. चारही कोपऱ्यांना सारखे माउंट लावले असते तर रॅक पुढे झुकून राहिला असता.

उपाय सोपा निघाला. पुढच्या आणि मागच्या माउंटमधलं अंतर ५०० मिमी धरलं होतं. मागची जोडी ८० मिमी पुढे घेतली की चौघांवर साधारण ३३-३४ किलो येतात. कागदावर पाच मिनिटांचं काम. वेल्डिंग झाल्यावर हेच लक्षात आलं असतं तर दिवस गेला असता.

रचना अशी ठरली: बाहेर ४० मिमी अँगलची चौकट, तिला चाकं. आत रॅक. दोघांच्या मधे फक्त वेटोळी, आणि सगळीकडून ५० मिमी मोकळी जागा. बाहेरची चौकट ट्रकला घट्ट बांधायची, आतला रॅक मोकळा डोलला पाहिजे.

१८ ऑगस्ट

तयार माउंट महाग वाटले म्हणून घरीच करून पाहिले. पूर्ण फसले, तरी सविस्तर लिहितो, कारण हा विचार प्रत्येकाच्या मनात येतोच.

हार्डवेअरच्या दुकानातून ६ मिमीचा गॅल्व्हनाइज्ड (झिंकचा थर दिलेला) वायर रोप आणला, २० मीटर. आत तागाचा गाभा असलेला, विहिरीच्या मोटरीला वापरतात तो. पट्ट्या १२ मिमी ॲल्युमिनियमच्या. लेथवाल्याकडून भोकं पाडून घेतली आणि पट्ट्या मधून उभ्या चिरून दोन फाका केल्या, म्हणजे दोर मधे धरून स्क्रूने आवळता येतो. आठ वेटोळी ओवायला दोघांना तीन तास लागले. दोर ताठ असतो, हाताला चिरतो, कापलेलं टोक लगेच उसवतं. टोकाला आधी टेप गुंडाळून मग कापायचं, हे दुसऱ्या माउंटला कळलं.

२५ ऑगस्ट

घरच्या माउंटवर फेरी केली. ओतूरच्या अलीकडे खडखड ऐकू आली म्हणून गाडी बाजूला घेतली. मागच्या उजव्या माउंटचा दोर पट्टीतून सरकला होता. दोन वेटोळी मोठी झालेली, दोन आखडलेली, रॅक तिरका. कारणं नंतर सुटं करून पाहिली. एक, तागाचा गाभा दाबाखाली बारीक होतो, म्हणून स्क्रू कितीही आवळा, पकड सुटते. दोन, वेटोळी हाताने एकसारखी होतच नाहीत, मग सगळा भार ज्या दोन-तीन वेटोळ्यांवर येतो ती आधी जातात. तीन, झिंक घासून काळी भुकटी पडत होती, म्हणजे गंज पुढे आलाच असता.

कारखान्यातल्या माउंटमध्ये दोर पूर्ण पोलादी गाभ्याचा असतो आणि पट्टी प्रेसखाली आवळलेली असते. ते दुकानात जमणारं काम नाही. खर्च १,९४० रुपये, दिवस चार. हा नाद सोडला.

३ सप्टेंबर

काल पोळा. पार्सल आज आलं. चार तयार माउंट, नग १,८५० रुपये. स्टेनलेसचा दोर, ५४ मिमी उंची. निवडताना मी कॅटलॉगमधला 'कमाल स्थिर भार' हा रकाना पाहिला. एका माउंटवर ३४ किलो येणार, खड्ड्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट होणार, म्हणून ९० किलोचे घेतले. मजबूत ते चांगलं, असा हिशेब. तो कसा चुकला ते पुढच्या नोंदीत.

बसवल्यावर रॅक फक्त २ मिमी खाली बसला. वेल्डरमामा खूश झाले, "दगडासारखा बसलाय." मीही खूश होतो.

६ सप्टेंबर

फेरी. एक फोन फळीवर, एक रॅकच्या माथ्यावर. खराब रस्त्यावर फळी ०.३ जी, रॅक जवळपास १ जी. हादरा कमी व्हायचा सोडून तिप्पट झाला! आधी वाटलं फोनची अदलाबदल झाली. फोन बदलून आळेफाट्यापर्यंत पुन्हा गेलो. तेच.

उद्या गणपती, दुकानात माळा-लाइटच्या दुरुस्त्या पडून आहेत. हे काम तसंच ठेवलं.

१२ सप्टेंबर

चूक सापडली. प्रत्येक रॅक-माउंट जोडीचा स्वतःचा एक झोका असतो. रॅक स्वतःच्या वजनाने किती मिमी खाली बसला, त्यावरून तो अंदाजे काढता येतो: १५.८ ला त्या मिमीच्या वर्गमुळाने भागायचं. २ मिमीला ११ हर्ट्झ आले. वायर रोपमध्ये बारीक कंपाला तारा एकमेकींना धरून ठेवतात, म्हणून खरा झोका हिशेबापेक्षा थोडा वरच असतो. रॅकला हाताने धक्का देऊन फोनवर पाहिलं, १३ आला. आणि आपल्या ट्रकच्या ॲक्सलची थरथर ११ ते १२. झोपाळ्यावरच्या पोराला त्याच्या लयीत ढकलावं तसं रस्ता रॅकला ढकलत होता.

माउंटचा फायदा सुरू होतो तो झोक्याच्या साधारण १.४ पट वरच्या कंपापासून. म्हणजे ११ हर्ट्झ अडवायचे तर रॅकचा झोका ७ च्या आसपास किंवा खाली हवा. त्यासाठी रॅक निदान ६-७ मिमी खाली बसला पाहिजे. मग अगदी मऊ घ्यावं, तर २-३ हर्ट्झच्या ट्रकच्या झोक्याशी गाठ पडते आणि खड्ड्यात माउंट तळाला टेकतो. दोन्हींच्या मधली जागा धरायची.

ज्यांनी माउंट विकले त्यांचा काही दोष नाही, मी मागितले तेच त्यांनी दिले. वजन सांगितलं, पण गाडी कोणती, रस्ता कोणता आणि किती मिमी बसायला हवं हे मी सांगितलंच नाही. या वेळी फोनवर तिन्ही गोष्टी सांगितल्या. त्यांनी ८९ मिमी उंचीचा, मोठ्या वेटोळ्यांचा नग सुचवला. ३४ किलोला ७ मिमी बसेल, आणि खाली दबायला ५५ मिमीपर्यंत वाव आहे. नग २,४०० रुपये. पहिले चार परत घेत नाहीत. ते जनरेटरच्या पॅनेलसाठी ठेवून दिले.

२१ सप्टेंबर

नवे चार आले. हातात घेतले तर लिंबू पिळावं तसे दाबता येतात, इतके मऊ. वेल्डरमामांना भरवसा वाटेना. रॅक ठेवला, ७ मिमी बसला, चारही कोपऱ्यांना एक मिमीच्या आत सारखा. १४ ऑगस्टला केलेल्या हिशेबाचं चीज झालं.

बोल्ट एम८ (८ मिमीचे), खाली नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले) आणि रुंद वायसर. स्प्रिंग वायसर घालू नका, कंपात ते सैल होतात, रबरी माउंटच्या वेळी पाहिलंय.

२२ सप्टेंबर

नुकसान. चौकटीला मागे एक आडवी पट्टी जोडायची राहिली होती. माउंट काढायचा कंटाळा केला आणि रॅक जागेवर असतानाच वेल्डिंग करून घेतलं. अर्थिंगचा चिमटा मामांनी आतल्या रॅकला लावला, वेल्डिंग बाहेरच्या चौकटीला. सगळा करंट मधल्या एकमेव वाटेने गेला, म्हणजे वायर रोपमधून. धूर दिसला तेव्हा थांबलो. मागच्या डाव्या माउंटची तीन वेटोळी आधी पिवळी, मग मोरपिशी निळी पडली होती. वरून एक तार उचकटली तर ती मऊ पडलेली, वाकवली तशीच वाकून राहिली. त्याच्या शेजारची थंड तार मात्र वाकवली तरी परत सरळ होत होती.

मामांची यात चूक नाही. चिमटा कुठे लावायचा हे मी सांगायला हवं होतं, आणि मुळात माउंट काढून ठेवायला हवे होते. २,४०० रुपये आणि नवा नग येईपर्यंत पाच दिवस गेले. वेल्डिंगच्या वेळी माउंट लावलेले ठेवायचेच नाहीत. ठिणगीचा एक थेंबही दोरावर पडू द्यायचा नाही.

२९ सप्टेंबर

रॅक किती हलतो हे मोजायला फोन उपयोगाचा नाही. शेजारच्या मूर्तिकाराकडे गणपतीची शाडू माती उरली होती. तिचे सुपारीपेक्षा मोठे, निमुळते गोळे केले, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळले म्हणजे वाळत नाहीत, आणि रॅक व चौकटीच्या मधल्या ५० मिमी फटीत आठ ठिकाणी चिकटवले. रॅक डोलून जितका जवळ येईल तितका गोळा चेपणार. फेरी झाली की पट्टीने उरलेली जाडी मोजायची.

खालचे गोळे २८-३० मिमी उरले, म्हणजे रॅक खाली २० ते २२ मिमी हलला. छान. वरचे मागचे दोन गोळे मात्र पापडासारखे सपाट, त्यांवर नटाच्या सहा कडा स्पष्ट उमटलेल्या. म्हणजे माथा मागे जाऊन चौकटीवर आपटला. रॅक उंच, वजन वर, आधार फक्त खाली. ब्रेक लागला की तो उसासारखा डोलतो.

बाकी आकडे मनासारखे आले. हाताने धक्का देऊन झोका ७ हर्ट्झ. खराब रस्त्यावर फळी ०.३ जी, रॅक ०.१७. आणि २५ हर्ट्झच्या वरची बारीक थरथर, जी सोल्डर खाते, ती रॅकवर फळीच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढीच. हा आलेख पाहिला तेव्हा फार बरं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

३ ऑक्टोबर, घटस्थापना

माथ्याला मागून दोन छोटे, मऊ माउंट आडवे जोडले. नग १,१०० रुपये. यांनी वजन उचलायचं नाही, फक्त डोलणं आवरायचं.

इथेही एकदा चुकलो. हे दोन मी सकाळी बसवले आणि दुपारी पाहिलं तर ते आधीच ओढले गेले होते. कारण खालचे माउंट पहिल्या काही दिवसांत आणखी थोडे बसतात. ७ चे ८.५ मिमी झाले होते. म्हणजे रॅक वरच्या दोघांना लटकू लागला आणि त्यांचा मऊपणा गेला. सोडले, रॅकमध्ये सगळं सामान भरून रात्रभर तसाच ठेवला, दुसऱ्या दिवशी वरची भोकं लांबट करून पुन्हा जोडले, ताण शून्य ठेवून. क्रम लक्षात ठेवा: आधी पूर्ण भार, मग एक-दोन दिवस, मग वरचे माउंट.

५ ऑक्टोबर

वायरिंग. रॅक डोलणार म्हणजे त्यात जाणारी प्रत्येक केबल डोलली पाहिजे. आधी स्पीकरची जाड केबल सरळ ॲम्पच्या मागे जायची. तशीच ठेवली असती तर केबलच माउंटचं काम करायला लागली असती आणि सॉकेट उखडलं असतं. म्हणून बाहेरच्या चौकटीवर पत्र्याचं पॅनेल केलं, बाहेरच्या सगळ्या केबल तिथे लागतात. पॅनेलपासून ॲम्पपर्यंत मऊ केबल, मधे एकेक हातभर लोंबता फेरा. फेरा चौकटीवर घासणार नाही हे हाताने रॅक चारही बाजूंना ढकलून पाहिलं. एक फेरा घासत होता, तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला.

अर्थिंगला वेगळी विणलेली तांब्याची पट्टी, रॅकपासून चौकटीपर्यंत, सैल. वायर रोप पोलादी आहे म्हणून अर्थिंग आपोआप होईल, असं धरून चालू नका. हा माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. पावसाळी मैदानात, जनरेटरवर, हातात माइक धरून कुणीतरी उभं असतं.

८ ऑक्टोबर

शेवटची फेरी, शाडूचे नवे गोळे. माथ्याला जास्तीत जास्त ३१ मिमी हालचाल. म्हणजे १९ मिमी शिल्लक. पुरे.

एक खडखड शिल्लक होती. चौकट ट्रकमध्ये चाकांवर उभी होती आणि चाकांवरच नाचत होती. आता चौकटीखाली चार लाकडी ठोकळे सरकवतो, चाकं अधांतरी राहतात, मग बेल्टने चौकट फळीला आवळायची. खडखड गेली.

१२ ऑक्टोबर, दसरा

ढोलकी, हलगी, तुणतुणं आणि ट्रकबरोबर रॅकचीही पूजा झाली. मालकीणबाईंनी हळदकुंकू लावलं आणि वेटोळ्यांकडे पाहून विचारलं, "हे हलतंय, चालेल ना?" मी म्हटलं, हलण्यासाठीच ते बसवलंय. संध्याकाळी फड निघाला.

१९ ऑक्टोबर

सहाव्या गावातून फोन, एक ॲम्प बंद. रात्री गाडी काढून संगमनेरपर्यंत गेलो. रॅक पाहिला आणि कळलं. क्लीनर पोराने आतला रॅक काथ्याच्या दोराने चारही बाजूंनी चौकटीला करकचून बांधला होता. वेटोळी पूर्ण चपटी. त्याला वाटलं रॅक हलतोय म्हणजे पडेल, काळजीपोटी बांधला. इतकी वर्षं सगळं आवळून बांधायलाच आपण त्याला शिकवलं. रागवायला जागा नव्हती.

दोर सोडला, ॲम्पची रिबन केबल बसवली, प्रयोग वेळेवर उभा राहिला. गण सुरू झाला तेव्हा मी मागे ट्रकजवळच होतो. त्या पोराला घेऊन रॅक हाताने डोलवून दाखवला, खाली हात धरायला सांगितला. धक्का त्याच्या हाताला लागला नाही हे त्याचं त्यालाच कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाचे दोन डबे आणले. बाहेरची चौकट पिवळी रंगवली आणि तिच्यावर लिहिलं 'इथे बांधा'. आतला रॅक लाल, 'बांधू नका, मोकळा ठेवा'. अक्षरं त्या पोरानेच काढली. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

१० नोव्हेंबर

दिवाळीनंतर रॅक दुकानात आणून चारही ॲम्प उघडले. फड निघाल्यापासून १,१०० किलोमीटर झाले. भिंगाखाली रिलेच्या पिना पाहिल्या. जुन्या, पुन्हा सोल्डर केलेल्या जागा जशाच्या तशा चकाकत होत्या. कुठेही काळी रेघ नाही. १९ ऑक्टोबरचा बिघाड सोडला तर एकही ॲम्प बंद पडलेला नाही.

माउंट तपासले. ८.५ मिमीवर स्थिर आहेत. एका नायलॉक नटाला पाव फेरा ढिलाई होती, आवळली. दोरावर मैदानातली माती बसली होती, कोरड्या ब्रशने झटकली. तेल-ग्रीस लावलं नाही. तारा एकमेकींवर घासल्या तरच हादरा जिरतो, आणि ग्रीसवर धूळ बसून कानसच होते.

खर्चाचा हिशेब, कुणाला लागेल म्हणून: घरचा फसलेला प्रयोग १,९४०. पहिले कडक माउंट ७,४००. योग्य माउंट चार ९,६००, जळलेल्याच्या बदली एक २,४००. वरचे दोन २,२००. अँगल, चाकं, पत्रा आणि वेल्डिंग ६,८००. सॉकेट, केबल, तांब्याची पट्टी ३,१५०. डिझेल फडाने घातलं. एकूण ३३,४९०. चुका वगळल्या असत्या तर २१,७५० मध्ये झालं असतं. वेळ दोन महिने, पैकी पाच आठवडे चुकांत गेले.

पुढचं काम दिव्यांच्या डिमरचा (उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचा) रॅक. त्यासाठी वजनकाटे आणले, वजन पुढे ४१ किलो, मागे ४४. दोन्ही बाजू जवळपास सारख्या आहेत, म्हणून माउंट सरळ चार कोपऱ्यांना जातील. उद्या विक्रेत्याला फोन करायचा: ८५ किलो, चार नग, दोन ॲक्सलचा पाट्यांचा ट्रक, ७ मिमी बसायला हवा.